सुईचं नेढं मोठं करून मिळेल

मागच्या सप्टेंबरात आमच्या सोसायटीची एजीएम झाली. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरची सोसायटी, १६८ फ्लॅट, दोन टॉवर, मध्ये पोडियम आणि पोडियमवर एक कारंजं जे मी राहायला आलो तेव्हापासून दुरुस्तीला आलंय. विषय क्रमांक ६ होता एंट्रन्स लॉबीचं रिनोव्हेशन. मार्बल, फॉल्स सीलिंग, लायटिंग धरून २६ लाख. चार मिनिटांत पास. विषय क्रमांक ७ वॉचमनच्या शिफ्टचा. आत्ता चार जागांवर आठ माणसं बारा-बारा तास उभी असतात, कोणीतरी पत्र दिलं होतं की आहे त्यांचा पगार न कापता आठ तासांच्या तीन शिफ्ट करा, चार माणसं जास्त लागतील, एजन्सीचा दर पकडून महिन्याला ८८ हजार, म्हणजे फ्लॅटमागे ५२४ रुपये. यावर पाऊण तास चर्चा झाली. एक काका म्हणाले त्यांनाच बारा तास हवे असतात हो, घरी जाऊन करणार काय. एक ताई म्हणाल्या रात्री झोपतातच की मग आणि कसली शिफ्ट. शेवटी हात वर करायला सांगितले, बाजूने अकरा हात आले. त्यात माझा नव्हता. मी मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं वाचत असल्यासारखा खाली बघत होतो.

हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही, कारण दोन-तीन रविवारांनी आमच्या मराठी उपासनेत नेमका तो उतारा वाचायला आला, बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा अध्याय १०, श्रीमंत माणसाचा. ख्रिस्ती नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. एक माणूस धावत येतो, येशूपुढे गुडघे टेकतो आणि विचारतो सार्वकालिक जीवन मिळण्यासाठी मी काय करू. येशू त्याला आज्ञा आठवून देतो. तो म्हणतो हे सगळं मी लहानपणापासून पाळतोय. मग येशू म्हणतो तुझ्यात एक गोष्ट कमी आहे, जा, असेल नसेल ते विक, गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये. त्याचं तोंड उतरतं आणि तो खिन्न होऊन निघून जातो, कारण त्याची मालमत्ता मोठी होती. त्यानंतर ते प्रसिद्ध वाक्य, श्रीमंताने देवाच्या राज्यात शिरण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं.

आता आमच्या जुन्या मराठी बायबलात त्या माणसाच्या प्रश्नात एक शब्द आहे जो मला लहानपणापासून टोचतो. तो नुसतं सार्वकालिक जीवन मागत नाही, 'सार्वकालिक जीवन हे वतन' मागतो. मूळ ग्रीकमध्ये वारसाहक्काने मिळवणे असं क्रियापद आहे, आणि भाषांतर करणाऱ्यांनी त्याला आपल्याकडचा चपखल शब्द दिला. आमचं घराणं मूळ नगर जिल्ह्यातलं, अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं, त्यानंतर बऱ्याच काळाने आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी आमच्या घरात वतन होतं, पण कुठलं, तर महारवतन. म्हणजे गावाची तराळकी, सांगावे पोचवणं, मेलेली जनावरं ओढणं, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावणं, आणि बदल्यात जमिनीचा एक तुकडा आणि दारोदार मागायचं बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात हे वतन मोडायला बिल आणलं होतं, ते काही तेव्हा झालं नाही, शेवटी कायदा आला १९५८ ला. माझी आजी हा उतारा आला की कुरकुरायची. ती म्हणायची, "वतन म्हंजी काय, राबायचं आन् शिळी भाकर मागायची. त्ये कशापायी मागतोय ह्यो येडा?"

आम्ही हसायचो. आता वाटतं की त्या वाक्यावरची सगळ्यात खरी टीका आजीनेच केली होती. कारण वतनाच्या दोन बाजू असतात. देशमुख-पाटलाला वतन म्हणजे हक्क, जन्माने मिळालेला, पोराबाळांना जाणारा, कोणी हिसकू नये म्हणून कागदावर शिक्का मारलेला. आणि ज्याच्या राबण्यावर ते वतन उभं असतं त्याला वतन म्हणजे मानेवरचं जू. तो धावत आलेला माणूस पहिल्या बाजूचा होता. त्याच्याकडे जमीन होती, नाव होतं, चारित्र्य स्वच्छ होतं, आता फक्त मरणानंतरचा सातबारा नावावर व्हायचा राहिला होता. प्रश्नच बघा ना, वारसा मिळवण्यासाठी मी काय करू. वारसा काही करून मिळतो का? तो जन्माने मिळतो. ज्याला सगळं जन्माने मिळालंय तोच असा प्रश्न विचारू शकतो.

आणि येशूने उत्तरात ज्या आज्ञा मोजल्या त्या नीट बघा. खून करू नको, व्यभिचार करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको, आईबापाचा मान राख. दहा आज्ञांमधल्या देवाविषयीच्या चार त्याने घेतल्याच नाहीत, घेतल्या त्या सगळ्या शेजाऱ्याविषयीच्या. सार्वकालिक जीवनाचा प्रश्न विचारला आणि उत्तरात देवळाचा, यज्ञाचा, उपासाचा विषयच नाही. वर मार्कने एक आज्ञा जास्तीची दिलीय जी दहांमध्ये नाही, मत्तय आणि लूकमध्ये पण नाही, ती म्हणजे कोणाला ठकवू नको. ही तिथे का आली असेल? मोठी मालमत्ता असलेल्या माणसाला येशूने मुद्दाम सांगितलं की ठकवू नको. बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात तर थेटच लिहिलंय की तुमच्या शेतांची कापणी करणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली ती ओरडतेय. मजुरी ओरडते! मजूर नाही, मजुरी.

माझं म्हणणं एवढंच आहे की या गोष्टीतला पैशाचा प्रश्न हा हिशोबाचा प्रश्न आहे आणि आम्ही चर्चवाल्यांनी, विशेषतः आमच्यासारख्या नव्याने सुस्थितीत आलेल्या लोकांनी, तो मनाचा प्रश्न करून टाकलाय. मनाचं ऑडिट होत नाही ना.

त्या रविवारचा संदेश तसाच होता. आमचे पाळकसाहेब भला माणूस आहे, त्यांच्यावर राग नाही, पण त्यांनी सांगितलं की जेरुसलेमला सुईचं नाक नावाचा एक छोटा दरवाजा होता, रात्री मोठा दरवाजा बंद झाला की उंटावरचं सामान उतरवून, त्याला गुडघ्यावर बसवून त्यातून आत घ्यायचे, तसं श्रीमंताने नम्र व्हावं. ही गोष्ट मी आयुष्यात निदान वीस वेळा ऐकलीय. अशा दरवाजाचा कुठलाही पुरावा नाही. ना खोदकामात, ना त्या काळच्या लिखाणात. ही गोष्ट दिसायला लागते ती कित्येक शतकांनंतर. कोणी म्हणतं ग्रीकमध्ये उंट आणि जाड दोर हे शब्द जवळजवळ सारखे, म्हणजे उंट नसून दोर असेल. बरं मग, दोर तरी जातो का सुईतून? आपल्या सह्याद्रीत राजगडला नेढं आहे, रतनगडला आहे, डोंगराला आरपार पडलेलं भोक, पोरं त्यात बसून वारा खातात, सेल्फी काढतात. दोन हजार वर्षं आम्ही हेच करतोय, शिवायच्या सुईचं नेढं खणून खणून राजगडाच्या नेढ्याएवढं केलंय, म्हणजे उंटच काय, उंटावर बसलेला माणूस आणि त्याच्यामागून फॉर्च्युनर पण जाईल.

ऐकणाऱ्या शिष्यांना मात्र दरवाजाबिरवाजा काही सुचला नव्हता. ते हादरले आणि म्हणाले मग तारण, म्हणजे उद्धार, होणार तरी कोणाचं. श्रीमंत म्हणजे देवाचा आशीर्वाद असलेला माणूस हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, तोच आत जाऊ शकत नाही तर बाकीच्यांचं काय. हीच समजूत आज उलट्या पावली आमच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या लोकांमध्ये, परत आलीय. मोठमोठे हॉल बुक करून सभा होतात, कीबोर्डवर हळू सूर चालू असतो, मंचावरचे भाऊ सांगतात की शंभराचं बी पेरा देव दहा हजाराचं पीक देईल, आणि स्क्रीनवर क्यूआर कोड येतो. आधार कुठला देतात, तर ह्याच अध्यायातला, जो माझ्यासाठी घरदार सोडेल त्याला शंभरपट मिळेल. पुढचे शब्द मात्र गिळून टाकतात, 'छळणुकीबरोबर'. आणि शंभरपट म्हणजे काय मिळणार त्याची यादी आहे तिथे, घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं. शंभर आया कोणाच्या नावावर कशा होतील? त्याचा अर्थ सरळ आहे, एकमेकांची दारं उघडी असतील. आजीच्या गावच्या ख्रिस्तवाड्यात दुष्काळात हेच होतं, ज्याच्या चुलीवर काही असेल तिथे पोरं जेवायची, कोणाचं पोर कोणाच्या घरात झोपलंय हे सकाळी कळायचं. ही शंभर घरं होती. शंभर फ्लॅट नव्हे.

पण क्यूआर कोडवाल्यांना हसणं सोपं आहे, आमच्यासारख्या शिकल्या-सवरल्या लोकांची पळवाट जास्त सफाईदार असते. ती जुनी पण आहे. साधारण इसवी सन २०० च्या सुमाराला अलेक्झांड्रियात क्लेमेंट नावाचे विद्वान होते, शहर व्यापाराचं, मंडळीत पैसेवाले लोक यायला लागलेले, आणि ते हा उतारा ऐकून घाबरायचे. क्लेमेंटनी यावर एक आख्खं प्रवचन लिहिलं की श्रीमंतांपैकी तारण कोणाचं होईल. त्यांचं म्हणणं, येशूने मालमत्ता टाकायला नाही, मालमत्तेची हाव मनातून टाकायला सांगितलं. सगळ्यांनीच सगळं वाटून टाकलं तर भुकेल्याला जेवण घालणार कोण? मुद्दा हुशार आहे, मी नाकारत नाही. पण याचा वापर कसा झाला बघा. मी अनासक्त आहे असं मनातल्या मनात ठरवलं की झालं, फ्लॅट माझाच, एफडी माझीच, वॉचमनचे बारा तास पण तसेच, फक्त मन स्वच्छ.

आणि त्यानंतर दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी कैसरियाचे बिशप बासिल, तेही श्रीमंत घरातले, दुष्काळ पडला तेव्हा आपली मालमत्ता विकून लोकांना जेवू घालणारे, त्यांनी सरळ सांगितलं की तुझ्या घरात पडून राहिलेली भाकरी उपाशी माणसाची आहे, पेटीतला अंगरखा उघड्या माणसाचा आहे. मन कसं आहे हा विषयच काढला नाही त्यांनी. भाकरी कुठे आहे तेवढं विचारलं.

आता ठाण्याचं बोलतो, कारण या भांडणाचा एक धागा चक्क ठाण्यात आहे आणि ठाण्यातल्या ख्रिस्ती लोकांनाही तो धड माहीत नसतो. तलावपाळीजवळचं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च सगळ्यांना माहीत आहे, पोर्तुगीज काळातलं. पण पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी, १३२१ च्या एप्रिलमध्ये, ठाण्यात चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले धर्मबंधू, मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. ते चीनला निघाले होते, जायचं होतं कोल्लमकडे पण जहाजाने ठाणे बंदरात आणून सोडलं, इथल्या एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथातल्या, ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले, त्या घरातलं नवराबायकोचं भांडण न्यायाधीशापर्यंत गेलं, त्यातून हे सापडले, धर्मावरून वाद झाला आणि जीव गेला. त्यांच्यासोबत आलेल्या जॉर्डन नावाच्या, डोमिनिकन या दुसऱ्या संघातल्या फादरने त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं. म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याला.

एवढं हुतात्म्यांच्या गोष्टींत सांगतात. जे सांगत नाहीत ते असं की हा थॉमस आधी इटलीत स्वतःच्याच संघाच्या तुरुंगात काही वर्षं होता. गुन्हा काय? तर संत फ्रान्सिसने सांगितलं तसं आपण खरंच गरीब राहायचं, मठाच्या नावावर जमिनी, कोठारं, धान्य साठवायचं नाही, हा हट्ट. १३१८ साली मार्सेलमध्ये याच हट्टापायी चार फ्रान्सिस्कनांना जिवंत जाळलं, आणि जाळणारं चर्चच होतं. आणि ठाण्यातल्या घटनेला तीन वर्षं होत नाहीत तोवर, १३२३ मध्ये, पोप जॉन बाविसावे यांनी जाहीर केलं की येशू आणि त्याच्या प्रेषितांच्या मालकीचं काहीच नव्हतं असं ठामपणे म्हणत राहणं हे पाखंड आहे. म्हणजे बघा, खाडीकाठच्या या गावात जो माणूस श्रद्धेसाठी मेला तो ज्या विचारासाठी आयुष्यभर झगडला तो विचार तिकडे गुन्हा ठरला. आणि प्रश्न काय होता, तर तोच, मार्क अध्याय १० चा, की 'असेल नसेल ते विक' याचा अर्थ खरंच विक असा आहे की मनातल्या मनात विक. या प्रश्नावर माणसं जाळली गेलीत, तेव्हा निदान पंधरा मिनिटांच्या संदेशात दरवाजाची गोष्ट सांगून तो मिटवू नये.

मला लोक म्हणतात की मग तू वीक ना तुझा फ्लॅट. बरोबर आहे त्यांचं. २००९ ला मी हा फ्लॅट ३८ लाखांना घेतला, कर्ज काढून, बायकोचे दागिने ठेवून, आज ब्रोकर दीड कोटी सांगतो. मधल्या काळात मी त्या भिंतींना दोनदा रंग दिला, याशिवाय काही केलेलं नाही. वरचे एक कोटी बारा लाख आले कुठून? रस्ता रुंद झाला, मेट्रोचे खांब उभे राहिले, मागे डोंगर आणि जंगल आहे म्हणून व्ह्यू मिळतो, आणि हजारो माणसं इथे कामाला येतात, बांधतात, झाडतात, राखण करतात म्हणून जागेला भाव आहे. ती माणसं मात्र राहायला कळव्याच्या, दिव्याच्या पुढे. याला वतन नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? राबायचं एकाने आणि शिक्का दुसऱ्याच्या नावाचा. आजीच्या घराण्याने शंभर वर्षांत वतनाची बाजू बदलली, बाकी काही नाही. आणि गंमत म्हणजे आमच्यापैकी कोणालाच आपण श्रीमंत वाटत नाही. श्रीमंत म्हणजे नेहमी आपल्यापेक्षा एक बेडरूम जास्त असलेला. टू बीएचकेवाला थ्रीकडे बोट दाखवतो, थ्रीवाला बंगल्याकडे, बंगलेवाला बिल्डरकडे, आणि बिल्डर म्हणतो माझ्यावर बँकेचं कर्ज किती आहे माहीत आहे का तुम्हाला. तो उतारा ऐकायला मंडळीत कोणी उरतच नाही.

विकण्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की त्या माणसाला जे सांगितलं ते सगळ्यांना जसंच्या तसं सांगितलेलं नाही, हे बायबलमध्येच आहे. लूकच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात हा श्रीमंत येतो आणि लगेच एकोणिसाव्यात जक्कय. यरीहोचा जकातदारांचा मुख्य, बुटका, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढलेला. तो सगळं विकत नाही. तो म्हणतो अर्धं गरिबांना देतो, आणि कोणाकडून काही लुबाडून घेतलं असेल तर चौपट परत करतो. आणि येशू म्हणतो आज या घराला तारण मिळालं. मरणानंतर नव्हे, आज. तारणाची तारीख पडते ती जक्कयने हिशोब मांडल्यावर. त्याला माहीत होतं की आपल्या पैशात दुसऱ्याचा पैसा मिसळलाय, आणि तो त्याने चारचौघांत, आकड्यासह कबूल केला. अर्धे, चौपट. मनाबिनाचा विषय नाही. पहिल्या माणसाकडे सगळं होतं पण हा हिशोबाचा कागद नव्हता. त्याला वाटत होतं त्याच्या मालमत्तेचा आणि दुसऱ्या कोणाचा काही संबंधच नाही. म्हणून त्याला जास्त सांगावं लागलं, असं मला वाटतं.

तुकोबांनी सुद्धा दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली म्हणतात, भावाच्या वाट्याची त्याला देऊन. ख्रिस्ती माणसाने तुकोबाचं का सांगावं असं काही जणांना वाटेल, पण आम्ही मराठी आहोत आणि कर्जखत नदीत टाकणं म्हणजे काय हे आम्हाला येशूच्या गोष्टीइतकंच त्याही गोष्टीतून कळतं. त्यांनी पण मनातून आसक्ती काढून कागद कपाटात ठेवले नाहीत.

यावर आमच्या प्रोटेस्टंट मंडळींचा नेहमीचा आक्षेप, की तारण कृपेने आहे, कर्माने नाही, पैसे देऊन सार्वकालिक जीवन मिळत नाही. कबूल. मी तरी कुठे म्हणतोय मिळतं. येशूने स्वतःच सांगितलं की माणसांना हे अशक्य आहे, देवाला सगळं शक्य आहे. पण आम्ही या 'देवाला शक्य'चं काय केलंय, कर्जमाफीची योजना केलीय, ज्यात मोठ्या खातेदाराला आधी लाभ. कृपा मिळाली म्हणून वॉचमनचा ओव्हरटाइम द्यावा लागत नाही असं कुठल्या पत्रात लिहिलंय? आणि उलटी गडबड पण आहेच. मोठी देणगी द्या, चर्चच्या भिंतीवर संगमरवरी पाटी लावून घ्या, अमुक यांच्या पुण्यस्मरणार्थ, अमुक परिवारातर्फे. जवळ होतं ते सगळं गुपचूप देणाऱ्या विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट पण आम्हीच शिकवतो आणि पंख्याच्या पात्यावर नाव पण आम्हीच रंगवतो, पंखा फिरला की कोणाचंच वाचता येत नाही हा त्यातल्या त्यात देवाचा न्याय.

एक गोष्ट मात्र माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जाते आणि ती लपवणं बरोबर नाही. माझे वडील मिशनच्या बोर्डिंगात शिकले. ते बोर्डिंग, तिथली ज्वारीची भाकरी, पाटी-पेन्सिल, हे सगळं परदेशातल्या लोकांच्या देणग्यांवर चालायचं, आणि ते काही सगळं विकून आलेले संत नव्हते, त्यांच्यातही व्यापारी, गिरणीवाले असतील, त्यांच्या मजुरांचे तास किती होते देव जाणे. तो पैसा आला नसता तर मी आज तराळकी नाही तरी शेतमजुरी करत असतो. तेव्हा श्रीमंताचा पैसा घेऊच नका असं म्हणायची माझी टाप नाही. क्लेमेंटचा प्रश्न की वाटून टाकल्यावर जेवू घालणार कोण, तो माझ्या वडिलांच्या ताटापर्यंत येतो. यावर माझ्याकडे साफ उत्तर नाही. एवढंच कळतं की दान हे हिशोबाच्या जागी बसवता येत नाही. आधी मजुरी, मग दान. मजुरी कापून त्यातून केलेलं दान हे ज्याची मजुरी कापली त्याचंच दान असतं, नाव आपलं लागतं.

म्हणून चर्चने काय करावं, तर मला वाटतं श्रीमंतांवर संदेश देण्याआधी स्वतःचं पगारपत्रक वाचून दाखवावं. वर्षातून एकदा वार्षिक सभेत इमारत फंडाचा आकडा आपण टाळ्या वाजवून ऐकतो, तसा चर्च झाडणाऱ्या मावशींचा पगार किती, त्यांचा पीएफ भरतो का, कबरस्तानात खड्डे खणणाऱ्याला काय देतो, शाळेतल्या कंत्राटी शिपायाला काय देतो, हे मोठ्याने वाचायचं. मग मंडळीतल्या प्रत्येकाने घरी जाऊन स्वतःचं वाचायचं, धुणीभांडीवाल्या ताईंना चार सुट्ट्या भरपगारी आहेत का, ड्रायव्हरला दहाच्या पुढे थांबवलं तर काय देतो. आसक्ती किती आहे ते राहू दे बाजूला, ती देव बघेल. आणि संगमरवरी पाट्या बंद. असलेल्या काढायला नकोत, उगाच भांडणं होतील, नव्या बंद करा.

त्या उताऱ्यातली एक ओळ मी इतकी वर्षं वाचून पुढे जायचो. तो माणूस मी सगळं पाळलंय म्हणतो, तेव्हा येशूने त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्यावर प्रीती केली. ही ओळ फक्त मार्कमध्ये आहे, आणि मार्कच्या आख्ख्या शुभवर्तमानात येशूने एका अमुक माणसावर प्रीती केली असं इथेच लिहिलंय. बारा शिष्यांपैकी कोणाबद्दल नाही, या निघून जाणाऱ्या माणसाबद्दल. म्हणजे विक म्हणून सांगणं हे रागावून नव्हतं. मला पूर्वी वाटायचं येशू त्याच्याकडून काहीतरी काढून घेत होता. आता वाटतं तो त्याला माणसांत बोलवत होता, पेत्र, योहान, ती धुळीतली मंडळी, जिथे शंभर आया असतात. आणि तो उतारा संपतो तो असा की पुष्कळ पहिले ते शेवटचे होतील आणि शेवटचे ते पहिले.

तर यंदा मी कमिटीला पत्र दिलंय. तोच विषय, वॉचमनच्या तीन शिफ्ट, आकडेमोडीसह, लॉबीच्या २६ लाखांचे फ्लॅटमागे १५,४७६ झाले हेही त्यात लिहिलंय, आणि जादा तासांना दुप्पट दर कायद्याने द्यावा लागतो हेही. मागच्या वेळी मी हात वर केला नव्हता हे लिहावं की नाही यावर बायकोशी बोललो, ती म्हणाली लिही, नाहीतरी सगळ्यांनी बघितलंय. ते पण लिहिलं. सेक्रेटरींचा परवा फोन आला. म्हणाले, "सर, पत्र मिळालं, चांगलं लिहिलंय, पण अजेंडा छापून झालाय. आपण असं करू, एनी अदर मॅटर विथ परमिशन ऑफ द चेअर मध्ये घेऊ." म्हणजे सगळ्यात शेवटी, पुलाव लागल्यानंतर. मी म्हटलं चालेल, मी बसतो.